गांडुळांचं विरजण

गोगलगाय म्हटलं की आमच्या भागात कपाळाला आठी पडते. मागं सोयाबीनवर शंखी गोगलगायींची धाड पडली होती. उगवून आलेलं कोवळं पीक सकाळी जाऊन बघावं तर नुसते बुडखे. तेव्हा बेंबळीच्या शिवारात घराघरातली माणसं गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाबांधानं टाकायची आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात बुडवायची. आमचे हे माळकरी. वेचायला पुढं, पण बादलीत टाकायची वेळ आली की तोंड फिरवून उभे राहायचे. पुण्य त्यांचं आणि पाप माझं, ही वाटणी आमच्या संसारात पहिल्यापासूनच आहे.

पण मी सांगतेय ती गोगलगाय वेगळी. तिच्या अंगावर शंख नव्हता, ती पानाला तोंड लावत नव्हती आणि मातीच्या वर फारशी येतच नव्हती. ती पहिल्यांदा दिसली आमच्या शेजारच्या खालांच्या गांडूळखताच्या टाक्यात.

खाला म्हणजे मावशी, सगळं गाव त्यांना तसंच म्हणतं. त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूच्या धाकानं परसात बसून रडायची. एकदा भिंतीवरून एक हात आला आणि त्या हातात गुळाचा खडा होता. तो हात खालांचा. तेव्हापासून मी त्यांची ‘सूनबाई’. आता माझे केस पांढरे झाले, तरी त्यांची हाक तीच आहे. त्यांचे मालक लवकर गेले. एकुलती एक लेक त्यांनी शिकवली आणि परंड्याला दिली. मागं राहिल्या त्या, दोन म्हशी आणि पत्र्याच्या शेडखालची विटांची टाकी.

त्या टाक्यांत शेण, उसाचं पाचट आणि तुरीचं भुसकट कुजायचं आणि लाल गांडुळं त्याचं चहापत्तीसारखं भुरभुरीत खत करायची. खत खाला विकायच्या. अगदी ढोकीकडचे ऊसवालेसुद्धा येऊन न्यायचे. गांडुळं मात्र त्यांनी कधी विकली नाहीत. त्या म्हणायच्या की हे विरजण आहे, दह्याच्या विरजणाचे कुणी पैसे घेतं का? कुणी नवं टाकं बांधलं की खालांकडं घमेलं घेऊन यायचं आणि गांडुळांसकट मूठ-दोन मूठ नाही तर घमेलंभर खत फुकट न्यायचं. फक्त आपल्याकडची रीत अशी की शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. म्हणून घमेल्यातून शेंगा यायच्या, लिंबं यायची, ज्वारी यायची. आमच्या परसातल्या टाक्यातलं विरजणही त्यांच्याकडचंच. गावातलं एक टाकं असं दाखवा की ज्यात खालांचा हात नाही, असं मी पैज लावून सांगितलं असतं.

लेकही आईच्याच वळणाची. तिकडं परंड्याला सासरच्यांची समजूत घालता घालता तिची काही वर्षं गेली. ‘बाईनं उंबऱ्याच्या बाहेर धंदा करायचा कशाला’ इथपासून सुरुवात होती. शेवटी शेडनेट उभारून तिनं रोपवाटिका सुरू केली. बाहेरून ट्रकनं कलमं यायची, काही रोपं ती स्वतः करायची. खत आईकडून जायचं आणि रिकामी पोती परत येताना त्यांच्यासोबत रोपांच्या पिशव्या यायच्या. कधी मोगरा, कधी जांभूळ, कधी लिंबू. खालांच्या शेडला लागून त्या पिशव्यांची रांगच लागली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या ती रांग दाखवायच्या. लेकीचं कौतुक करायला एवढं निमित्त पुरायचं त्यांना.

एका सांजेला टाक्यावरचं ओलं पोतं उचलताना खालांना ती दिसली. त्यांनी तळहातावर घेऊन मला दाखवली. बोटाएवढी लांब, पिवळट पांढरी, आणि शेपटाकडं नखाएवढी शंखाची चकती. मला बघूनच शिसारी आली. मी मीठ आणायला निघाले तर त्यांनी अडवलं. पाला खात नाही बिचारी, राहू दे म्हणाल्या. मीठ टाकलं असतं तर गांडुळंही मेली असती, हेही खरंच होतं.

मग गावात शहाण्यांचं पीक आलं. चहाच्या टपरीवर कुणीतरी मोबाईलवर शोधून सांगितलं की अशा बिनशंखाच्या गोगलगायी मांस खातात. झालं. मांसाहारी आहे म्हणजे पिकाला धोका नाही, उलट शंखीवाल्या गोगलगायींना ही खाऊन टाकेल, असा निवाडा त्याच बाकड्यावर झाला. सोयाबीनवाले पोळलेले होते, त्यांना तो पटला. माणसं घमेली घेऊन खालांकडं यायला लागली आणि विरजणासोबत ‘त्या पांढऱ्या चार घाला’ म्हणायला लागली. खालांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी दिल्या. आमच्या ह्यांनीसुद्धा चार आणून बांधाला सोडल्या. गळ्यात माळ असलेल्या माणसाला मांसाहारी जीवाचं इतकं कौतुक मी पहिल्यांदाच बघत होते.

शंखी गोगलगायी तशाच राहिल्या. गांडुळं मात्र कमी व्हायला लागली. खालांच्या टाक्यातलं शेण शेणच राहू लागलं. हात घातला की पूर्वी बोटांना गुंता लागायचा, आता माती लागायची. आधी संशय माझ्या कोंबड्यांवर आला. मग उंदरांवर. मग म्हशींना दिलेल्या जंताच्या औषधावर. एका सकाळी पाऊस उघडल्यावर मी आमच्या टाक्यातलं पाचट बाजूला केलं आणि तशीच एक पांढरी समोर आली. तिच्या तोंडात गांडूळ होतं. ताटातली लांब शेवई माणूस ओढून घेतो तशी ती त्याला आत ओढत होती, काही घाई न करता. गांडूळ अजून वळवळत होतं. मी विंचू मारलेत, साप बघितलेत, पण त्या दिवशी पाचट तसंच टाकून मी खालांना हाका मारत भिंतीकडं पळाले.

कृषी सहायक म्हणून एक तरुण बाई आमच्याकडं यायच्या. त्यांना बोलावलं. त्यांनी फोटो काढून विद्यापीठात पाठवले. तिकडून उत्तर आलं की नेमकं नाव आत्ताच सांगता येणार नाही, पण मातीत राहून गांडुळं खाणाऱ्या अशा गोगलगायी दुसरीकडं माहीत आहेत. त्या बाईंनी आम्हाला सोपं करून सांगितलं. ही गांडुळाच्या बिळातून त्याच्या मागं जाते. उन्हाळ्यात खोल उतरते, ओल आली की वर येते. आपल्या आपण ती एका रानातून दुसऱ्या रानातही लवकर पोचत नाही. तिला माणूस फिरवतो. रोपाच्या पिशवीतून, कुंडीतून, खताच्या पोत्यातून. विरजण देणं आजपासून बंद करा, म्हणाल्या. मग त्यांनी वहीपेन बाजूला ठेवून खालांना विचारलं की बाहेरून कुठली माती, कुठली रोपं आली होती का.

खाला म्हणाल्या, “न्हाय बाई.”

मोगरा, जांभूळ आणि लिंबू त्या बाईंच्या पाठीमागंच रांगेत उभे होते. ज्या रोपांचं कौतुक सगळ्या गावाला सांगून झालं होतं, ती खाला आता डोळ्यांसमोर असून नाकारत होत्या. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ म्हणतात ते मी आजवर दुसऱ्यांबद्दल म्हणत आले होते. खालांबद्दल तसं मनात यावं याचंच मला वाईट वाटलं.

बाई गेल्यावर मी भांडायलाच उभी राहिले. तुम्ही खोटं बोललात, म्हटलं. खालांनी ऐकून घेतलं. म्हशीपुढं वैरण टाकली, हात धुतले आणि मग बोलल्या.

“सूनबाई, तिच्या पिशव्यांतनं आलं ही गोष्ट भायेर पडली तर कोन घील तिची रोपं? सासरचे आदीच वाट बघून बसलेत, कवा बुडतीय म्हनून. लई रडून उभं केलंय गं पोरीनं. माज्या नावाला काय हुतंय, माजं वय झालं.”

माझा राग गेला नव्हता. माझ्या लेकीवर हा प्रसंग आला असता तर मी काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारलं आणि उत्तर द्यायचं टाळलं. आई ती आई. मी गप्प बसले. पण झाकली मूठ ठेवायची म्हणजे ती सतत आवळून धरावी लागते, आणि ते काम खालांच्या हाताला जमणारं नव्हतं.

लोक विरजणाला येतच होते. खाला कधी म्हणायच्या टाकं रिकामं केलंय, कधी म्हणायच्या गांडुळं आजारी आहेत. गांडुळं आजारी! असं कारण गावानं कधी ऐकलं नव्हतं. खाला बदलल्या, खत खपायला लागल्यावर हात आखडला, असं नळावर बोलणं सुरू झालं. ते बोलणाऱ्या बाईची घागर मी नळाखालून बाजूला सारली आणि आधी माझी घागर भरली. एवढंच मला करता आलं. खरं कारण सांगितलं असतं तर ते कुठून आलं हेही सांगावं लागलं असतं.

त्यातच परंड्याहून लेकीचा फोन आला की अम्मी, आता खत पाठवू नका, इथल्या दुकानात चांगलं मिळतं. खालांनी फोन ठेवला. बरं झालं, इकडची घाण तिकडं जायला नको, असं मला म्हणाल्या, पण लेकीनं आपलं खत नको म्हटल्याचं त्यांना लागलं होतं. मला तर पोरीचा संतापच आला. चार कलमं काय विकली, आईचं खत नकोसं झालं, असं मी मनात धरलं.

पुढं एक दिवस आमच्याच गल्लीत एक छोटा टेम्पो थांबला. गल्लीतल्या एकानं विहिरीवर लावायला आंब्याची कलमं आणली होती. कुठून, तर परंड्याहून, खालांच्या लेकीकडून. ओळखीतल्या माणसाकडून घेतली म्हणून तो मोठ्या प्रेमानं खालांना दाखवायला बोलावत होता. त्यांनी दारातूनच मान हलवली आणि आत गेल्या. त्या दिवशी त्यांची चूल पेटली नाही. मी भाकरी घेऊन गेले तर म्हणाल्या, आता माझी लेक घरोघर ते वाटत सुटलीय आणि तिला माहीतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात उभ्या. अंगावर बुरखा, हातात पिशवी. परंड्याला चल, म्हणाल्या. का ते मी विचारलं नाही. ह्यांना भाकरी कुठं आहे ते सांगितलं आणि निघाले.

धाराशिवला गाडी बदलून बार्शीवरून परंड्याला जाईपर्यंत खाला खिडकीशी बसून ओठातल्या ओठात बोलत होत्या. आधी मला वाटलं काही पढत असतील. मग कान दिला तर त्या लेकीला सांगायची वाक्यं जुळवत होत्या. एक वाक्य जुळवायच्या, मान हलवून मोडायच्या आणि पुन्हा सुरुवात करायच्या. आपल्या पोटच्या पोरीला तिच्या रोपांत खोट आहे हे दुखू न देता कसं सांगायचं, ते त्यांना बार्शी गेलं तरी जमलं नव्हतं. मला त्यांची इतकी दया आली की मी वाटेत शेंगा घेतल्या आणि सोलून त्यांच्या हातावर ठेवत राहिले.

रोपवाटिका गावाबाहेर, किल्ल्याच्या पलीकडच्या रस्त्याला. पावसाचे दिवस, म्हणजे रोपं विकायचा हंगाम. शेडनेटखाली हिरव्या रांगा लागल्या होत्या. आम्हाला बघून लेक पळत आली, आईच्या गळ्यात पडली, मला म्हणाली काकू तुम्हीपण आलात. पण तिचं हसणं मला जरा घाईचं वाटलं. आम्हाला ती शेडकडं नेईना. इथंच सावलीला बसा, चहा आणते, असंच तिचं चाललं होतं. आईलेकी एकमेकींशी दखनी उर्दूत बोलतात, मी इथं आपल्या मराठीतच लिहिते.

चहा झाला. खालांचं जुळवलेलं एकही वाक्य बाहेर येईना. माझी जीभ वळवळत होती. तेवढ्यात त्या उठल्या आणि सरळ शेडमध्ये शिरल्या. लेक ‘अम्मी, अम्मी’ करत मागं. खालांनी जमिनीवरची एक पिशवी उचलली, उलटी करून बुडाला थोपटलं आणि मातीचा गड्डा हातावर घेतला. मुळ्यांच्या जाळ्यात, अगदी तळाशी, ती पांढरी बसलेली होती. लेकीनं ती बघितली आणि तोंडावर ओढणी घेतली.

“अम्मी, तुमाला कळू द्यायचं नव्हतं मला,” ती म्हणाली.

आम्हाला दोघींनाही काही समजेना. मग हळूहळू ते सगळं बाहेर आलं. गेल्या पावसाळ्यापासून तिला पिशव्यांत या गोगलगायी दिसत होत्या. आईच्या खताच्या पोत्यातही एक निघाली होती. ती आईच्याच खतातून आली, असं तिनं धरून चाललं होतं. आई गावभर विरजण वाटते, तिच्या नावाला बट्टा लागेल, म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. खत बंद केलं ते त्यासाठी. रोज पहाटे एकटीनं पिशव्या उपसून ती गोगलगायी वेचायची आणि उरलेली रोपं विकायची. नवऱ्यालाही तिनं सांगितलं नव्हतं.

खालांनी हातातला गड्डा खाली ठेवला. “आगं, मी तुज्या पिशव्यांतनं आलं म्हनून गप बसले हुते,” त्या म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. दोघींना मी नाही नाही ते बोलले. एकमेकींना जपायच्या नादात तुम्ही दोन तालुक्यांत ते किडं वाटलंत, म्हटलं. बोलता बोलता मलाच रडू फुटलं, कारण मीही त्या जपण्यात सामील होते आणि या लेकीला मनातल्या मनात शिव्या देत होते. तिघी तिथंच पिशव्यांच्या मधे बसून रडलो. कुणी कुणाला समजावलं नाही.

मुळात कुठून आलं, ते आजही सांगता येत नाही. तिच्या ट्रकमधल्या कलमांसोबत आलं असेल, माझा अंदाज तोच आहे. पण पुरावा काही नाही, आणि त्या दिवशी कुणी मागितलाही नाही. लेकीनं डोळे पुसले आणि विचारलं की आता काय करायचं. कृषीच्या बाईंनी सांगितलं होतं ते खालांनी सांगितलं. एकही पिशवी बाहेर जाऊ द्यायची नाही. माती प्लास्टिकवर पसरून कडक उन्हात वाळवायची. आणि कडक ऊन येईपर्यंत हंगाम निघून जाणार होता. सासरच्यांचं तोंड तेव्हा कोण धरणार होतं? लेकीनं हिरव्या रांगांवरून एकदा नजर फिरवली. ती काय मोजत होती ते मला कळत होतं आणि मी दुसरीकडं बघितलं.

तेवढ्यात रस्त्याला एक टेम्पो थांबला. शेजारच्या भूम तालुक्यातल्या एका खेड्यातला माणूस पेरूची रोपं न्यायला आला होता. लेक पुढं गेली. दाराच्या खांबाला धरून म्हणाली की रोपं मिळणार नाहीत. तो हसला. समोर एवढी उभी आहेत की, म्हणाला. शेजाऱ्यानं गेल्या महिन्यात इथूनच नेली, त्याची बघूनच मी आलोय.

मला वाटलं ती आता काहीतरी सबब सांगेल. रोपं दुसऱ्याची आहेत, आगाऊ विकली आहेत, असं काहीही. सबबी सांगण्यात ती आईपेक्षा काही कमी नव्हती.

“मातीत गांडुळं खानारी गोगलगाय हाय,” ती म्हणाली. “तुमच्या शेजाऱ्यानं नेलेल्यातबी आसंल. मला त्यांच्या रानात न्या.”

त्या माणसाला ते नीट समजायला वेळ लागला. मग आताच जायचं का, असं त्यानं विचारलं. व्हय, आताच, ती म्हणाली. तोवर खालांनी बुरखा सारखा करून घरून आणलेली पिशवी उचलली होती. गावातल्या ज्या ज्या घरी विरजण दिलं तिथं उद्यापासून जायचंच आहे, आज इथून सुरुवात करू, म्हणाल्या. मी कुणाला न विचारता टेम्पोत चढले आणि दोघींना वर ओढून घेतलं.

टेम्पो हलला. मागं बसून खड्ड्याखड्ड्याला आम्ही एकमेकींना धरत होतो. मग लेकीनं आईला विचारलं की तिथं गेल्यावर ते विचारतील, हे कुणाकडनं आलं, तर काय सांगायचं.

खाला तिच्याकडं न बघता म्हणाल्या, “म्हनावं, आमी दोघी गप बसलो, त्यातनं आलं.”

लेकीनं मान हलवली. मग ती उठून पुढं सरकली आणि ड्रायव्हरच्या मागची पत्र्याची भिंत वाजवून म्हणाली, जरा लवकर चला दादा, दिवस आहे तोवर माती बघायचीय.